नाव ओळीच्या शेवटी

१४ मार्च १९६०

ठरलं एकदाचं! आईनं चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, काही दारांत दोनदा. मी मशीनवर ब्लाउज शिवत बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून दाखवत होते. हसायला शब्द लागत नाहीत, तेवढं एक बरं आहे.

मुलगा नायगावचा, गिरणीत फिटर. नाव दगडू. त्याच्या आधीची भावंडं वाचली नाहीत, म्हणून नजर लागू नये असं ओबडधोबड नाव ठेवलं त्याच्या आईनं. अहो, पण सगळ्या मुंबईत दुसरं ओबडधोबड नाव नव्हतं का? माझी जीभ अडते ती नेमकी द, ब आणि क वर. म, र, ल, स, ह यांच्यावरून मी सुखरूप जाते. द आला की जीभ दातांना चिकटते आणि सुटतच नाही. समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग जमिनीकडे.

काल ते लोक बघायला आले तेव्हा मी पदर तोंडाशी धरून बसले आणि सगळं आईच बोलली. "लाजते हो फार," असं दर दोन वाक्यांनी. मुलाची आई, सखुबाई, मला चमत्कारिकच वाटली. एक धड प्रश्न विचारला नाही बाईनं. "सातवी पास ना?" मी मान हलवली. "चहा तूच केलास ना?" मान हलवली. "शिवण येतं ना?" परत मान. बाजारात शेळी बघायला आल्यासारखं. माझं काम सोपं झालं खरं, पण राग आला.

निघताना मुलाची बहीण राधा म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे माप ओलांडणं वगैरे बंद केलंय आता. पण दार अडवणं चालू आहे हं! नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतल्याशिवाय आत सोडत नाही आम्ही." सगळे हसले. मी पदर अजून वर ओढला.

सगळ्या नायगावसमोर मी "द… द… द…" करत दारात उभी राहणार. मग म्हणतील, फसवलं आम्हाला. आणि ते खोटंही नाही.

आईला म्हटलं, आधीच सांगून टाकू. तर म्हणते, "गप बस. लग्न लागू दे, मग कळेना का." हिला काय, दारात ही उभी राहणार आहे थोडीच.

१९ मार्च

तोंडानं जमत नाही म्हणून कागदावर भडाभडा लिहिते मी. लिहिताना द कसा सुरेख येतो. दगडू दगडू दगडू.

आज एक हिशेब डोक्यात आला. लहानपणी पाठ केलेले उखाणे मी अडखळल्याशिवाय म्हणते, एका दमात. मग त्यातलाच एखादा घ्यावा? घेऊन बसले आठवायला. एकात महादेव, एकात तुळस, तिसऱ्यात रुक्मिणी. बौद्ध दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली आम्हाला. देव घरातून एका संध्याकाळी गेले, उखाण्यातून मात्र जायला तयार नाहीत. नायगावची माणसं तर कडक. त्यांच्या दारात उभं राहून मी महादेव काढला तर नाव अडायची वाटच बघायला नको.

देव काढून तिथं दुसरं काही घालून बघितलं. पण देव काढला की यमक पडतं, आणि यमक पडलं की मी पडते. शेजारच्या कमलला म्हणून दाखवताना तीनदा अडकले. कमल मैत्रीण आहे म्हणून खिडकीबाहेर बघत बसली बिचारी.

उद्या कुशाबाकाकाला धरते.

२० मार्च, रविवार

कुशाबाकाका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, पलीकडच्या खोलीतला. गिरणीतून सुटला की कलापथक. गेली चार वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, निवडणुका, सगळीकडे याची गाणी. आता राज्य मिळणार, एक मेला. याला खरं तर आनंद व्हायचा, तर डोकं धरून बसला होता.

"काय झालं?" विचारलं.

"झालं काय! आनंदाचं गाणं पाहिजे म्हणतात. चार वर्षं मी मागण्याची गाणी केली. रागात यमकं कशी पटापट सुचतात. आनंदात एक सुचेल तर शपथ. त्यात 'महाराष्ट्र' हा शब्द. 'राष्ट्र'ला यमक आहे का काही? एक सौराष्ट्र आहे, तो तर तिकडे गुजरातेत चालला!"

मी हसले. मग माझं रडगाणं सांगितलं. सांगायला वेळ लागला. काकानं बीडी पेटवली नाही तोवर. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "बस. आधी यमक म्हणजे काय ते शीक. 'भात'ला यमक सांग."

मी म्हटलं, "गीत."

"शेवटी त आला म्हणून? कान आहेत की नुसती भोकं? अगं, शेवटचं अक्षर जुळून भागत नाही. त्याच्या आधीचा स्वर जुळला पाहिजे. भात म्हणताना तोंड जेवढं उघडतं तेवढंच पुढच्या शब्दाला उघडलं पाहिजे. गीत म्हणताना उघडतं का?"

नाही उघडत. भात, हात, रात, वरात. आरशात बघून खात्री केली नंतर.

मग म्हणाला, "आणि जाते, येते, खाते, पिते असली यमकं करायची नाहीत. ती आळशाची. क्रियापदं आपोआपच जुळतात, त्यात तू काय केलंस? ऐकणाऱ्यालाही मजा येत नाही."

मग त्यानं एक खेळ सुरू केला. तो ओळ म्हणणार, दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द गाळणार, तो मी भरायचा. "आई वाढी गरम भात, धुऊन ये आधी…" मी म्हटलं, "हात." "म्हातारा हसला सारी रात, त्याच्या तोंडात एकच…"

"दात!"

मी 'दात' म्हटलं होतं. द सकट, सरळ, एका झटक्यात. काकानं बीडी उलटी तोंडात धरली आणि पेटवायला गेला.

२७ मार्च

आठवडाभर तोच खेळ. दार, दोर, दिवा, दुपार. ओळीच्या शेवटी यमकाचा शब्द असला की तो माझी वाट बघत उभा असतो, मी नुसतं जाऊन त्याला हात लावायचा. द मध्येच कुठे बेसावध गाठला की मात्र संपलं.

आज उखाणा बांधला, माझा मीच:

चुलीवरती शिजला भात, वर तुपाची धार,
दगडूरावांचं नाव घेते, मोकळं करा दार.

काका खूश. म्हणाला, "उखाण्याची गंमत बघ. भाताचा आणि नवऱ्याचा संबंध काय? काही नाही. पण धार म्हटली की दार येतं, आणि ऐकणारीला वाटतं, बरोबर आहे बाई! यमक नसतं तर लोकांनी विचारलं असतं, भात कशाला मध्ये आणलास."

'महाराष्ट्र' त्यानं ओळीच्या मधे टाकला म्हणे. यमकाला न येणारा शब्द मधे ढकलायचा, हा त्याचा नियम. म्हणून मीही नाव मधे ढकललं होतं.

३ एप्रिल

बोंबला. 'दार' सरळ येतं, पण 'दगडूरावां'वर दर वेळी अडते. दहा वेळा म्हटलं तर नऊ वेळा. दहाव्या वेळी आई आत आली म्हणून थांबले, नाहीतर दहाव्यांदाही.

काकाच्या नियमाला काय करायचंय? मधे टाकलेला शब्द मला लपवता येत नाही. तिथं पोचायच्या आधीच तो मला दिसायला लागतो.

रडले. लिहायला लाज वाटते पण रडले. कधी नव्हे ते कुणी पसंत केलं, आणि मी उंबऱ्यावरूनच परत यायची.

९ एप्रिल

सखुबाई आल्या होत्या, साडीचं बघायला. परत तेच. "पांढरी चालेल ना?" "काठ निळा ना?" मी माना हलवतेय. नंतर काकाच्या खोलीत चहाला गेल्या. काका म्हणजे जगाचा पाहुणचार करणार. दोघं बराच वेळ बसली होती. मला वाटलं देण्याघेण्याचं बोलतायत, पण आमच्यात ते काही ठरलेलं नाही.

जाताना माझ्या मशीनपाशी थांबल्या. मी शिवलेलं पोलकं उलटं करून आतली शिवण बघितली आणि "बरं आहे" म्हणाल्या. बस्स, एवढंच. या बाईबरोबर जन्म काढायचा म्हणजे कठीणच आहे. बोलणं मोजून वापरतात.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. कमलबरोबर गेले होते. परळ नाक्याजवळ हा माझा होणारा नवरा भेटला, निळा फेटा, घामाघूम. म्हणजे भेटला कसला, शोधतच होता.

तोंड म्हणजे गिरणीचा पट्टा, थांबतच नाही. मास्तर कसा, मुकादम कसा, राधा कशी भांडते, सगळं सांगून झालं. मला सरबत पाहिजे की चहा हेही स्वतःच विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "सरबतच. उन्हात चहा कोण घेतं!" मला सरबतच हवं होतं, तो भाग वेगळा.

मी ठरवलं, आज सांगायचंच. म्हटलं, "मला एक सांगायचंय. मी ब… ब…"

तो एकदम गप्प झाला. आयुष्यात पहिल्यांदाच झाला असेल. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही की जमिनीकडे बघितलं नाही, नुसता उभा राहिला, ग्लास हातात धरून. आणि नेमकं ढोलपथक आलं अंगावर. मग ओरडून म्हणाला, "सावकाश सांग! मी काही कुठं जात नाही!"

नशीब, ढोलाच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नसणार.

माणूस चांगला वाटतो. म्हणून तर जास्त भीती वाटते.

२४ एप्रिल, रविवार

काका गेल्या आठवड्यात दोनदा नायगावला जाऊन आला. कुणाची तरी ढोलकी आणायची होती म्हणे. ढोलकी काही आणली नाही, पण आज मला बोलावून म्हणाला, "तुझा उखाणा मोडायचा. नाव शेवटी घ्यायचं."

"तूच तर म्हणालास मधे टाक!"

"माझ्या महाराष्ट्राला यमक नाही म्हणून मधे. तुझ्या नवऱ्याला 'राव' आहे की! गाव, नाव, भाव, ठाव, रग्गड माल पडलाय. आणि दोन ओळींचा नको, चार ओळींचा कर. आम्ही गाण्यात काय करतो? तीन ओळी एका यमकाच्या. पहिली ऐकली की माणूस नुसतं ऐकतो. दुसरीला त्याच्या कानाला चव लागते. तिसरीला त्याला कळतं की चौथी कुठे जाणार. चौथी संपायच्या आत मागे उभे झीलकरी आवाज लावतात, कुणी सांगावं लागत नाही."

"माझ्या मागे कुठले झीलकरी?"

"ते बघू," म्हणाला, आणि उगाच खोकला.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून बांधला. पहिले शब्द मीच निवडले, सगळे माझ्या सोयीच्या अक्षरांचे:

माहेर माझं लालबागेला, नायगावात ठाव,
राज्य आलं मुंबईसकट, हरखलं सारं गाव,
वाट अडवून उभ्या बाया, विचारती नाव,
हात ज्यांचा धरून आले, ते दगडूराव!

म्हणून बघितला. पहिल्या तीन ओळी लोण्यासारख्या. चौथीला 'ते' पर्यंत आले आणि अडकले. परत म्हटला. अडकले. पण पूर्वीपेक्षा कमी. 'गाव', 'नाव' मागून ढकलतात, हे खरंय.

१ मे, रविवार

राज्य आलं! लालबागपासून नायगावपर्यंत पताका आणि दिवे. माणसं अनोळखी माणसांना पेढे भरवत होती. काल-परवापर्यंत ज्यांच्या घरातली माणसं तुरुंगात जाऊन आली, ती आज रस्त्यात उभी राहून नुसती हसत होती. माझे वडील तर घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चला, झालं बाबा." किती दिवसांनी पाय लांब करून बसले.

नायगावच्या मैदानात काकाचं कलापथक होतं. आनंदाचं गाणं जमलं त्याला. तीन ओळी एका यमकाच्या, चौथी ध्रुपदाला. दुसऱ्या कडव्यापासून लोकच ध्रुपद म्हणायला लागले. मीही म्हणत होते, गर्दीत, गळा काढून. त्यात ब होता, क होता, मला पत्ताच नाही. एवढ्या माणसांच्या आवाजात माझा आवाज कुठे अडायला जागाच उरली नाही.

पलीकडे राधा उभी होती, चाळीतल्या बायकांच्या घोळक्यात. मला बघून दचकली आणि गुणगुणायची थांबली. 'ठाव, गाव, नाव' असलंच काहीतरी चाललं होतं तिचं. माझाच उखाणा वाटला क्षणभर. पण 'गाव-नाव' काय, सगळ्याच गाण्यांत असतं.

७ मे

उद्या.

आईनं हळदीचं सगळं टाळलं तरी हात पिवळे आहेतच, दिवसभर डाळ निवडतेय. उखाणा विसाव्यांदा म्हटला. त्यात अडले तेरा… नाही, मोजत नाही. मोजलं की जास्त अडतं.

हे देवा, असं लिहायला गेले होते. खोडलं. कुणाला म्हणायचं मग? काकालाच म्हणते, माझ्या जवळपास उभा राहा.

९ मे, सोमवार, नायगाव

लिहायला आत्ता दुपारी सवड मिळाली. नीट क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

लग्न छान लागलं. त्रिसरण, पंचशील, हार. बौद्धाचार्य म्हणतील तसं आम्ही दोघांनी मागून म्हणायचं होतं. दोघांनी एकदम म्हटल्यावर माझं काहीही अडलं नाही. मला वाटलं, असंच जन्मभर दोघांनी एकदम बोलावं.

मग इथं आलो. दुसरा मजला, लांबच लांब व्हरांडा, प्रत्येक दारात बायका. राधा दोन्ही हात पसरून दारात. मधोमध सासूबाई. काका जिन्याजवळ.

"नाव! नाव!" सुरू झालं. मी सुरुवात केली.

'माहेर माझं लालबागेला' निघालं. 'ठाव' आलं. 'गाव' आलं. माझ्या कानांत माझाच आवाज, घट्ट, कोरडा. 'विचारती नाव' म्हटलं तेव्हा मागून कुजबुज उठल्यासारखी वाटली. 'हात ज्यांचा धरून आले, ते' आणि जीभ दातांना लागली, मला कळलं की आता अडणार, आणि

"दगडूराव!"

सगळा व्हरांडा म्हणाला. चाळीस बायका, राधा, सासूबाई, जिन्यातली पोरंसुद्धा. आणि मी. मीही त्यांच्याबरोबर म्हणाले, त्यांच्या आवाजातच. द कधी सुटला मला समजलंच नाही.

इतक्या जणींना माझा उखाणा कसा ठाऊक? पण काका म्हणाला होताच, तिसऱ्या ओळीला ऐकणाऱ्याला कळतं. यमक आहे ते, कुणालाही कळावं असंच. काकाचे डोळे ओले होते. विचारलं तर म्हणाला, बीडीचा धूर. हातात बीडी नव्हती.

मी पाऊल उचललं. एवढ्यात शेवटच्या खोलीतल्या जाईबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, "हे बरंय! हे तर सगळ्या चाळीनं घेतलं नाव. नवरीचं एकटीचं कुठाय?"

पाऊल तसंच राहिलं. राधा म्हणाली, "जाईआत्या, राहू द्या की, भात निवतोय." पाठराखीण म्हणून आलेली कमल माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. मला वाटलं, झालं. आता कळणार.

सासूबाई पुढे आल्या. एवढी मोजून बोलणारी बाई, पण काल सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बरोबर आहे जाईबाईंचं. पोरी, नुसतं नाव घे. यमक नको, काही नको. माझ्या पोराचं नाव आहे, मी ते देव पाण्यात घालून… मी ते फार जपून ठेवलंय. लागू दे कितीही वेळ. भात कुठं पळत नाही."

मी तोंड उघडलं.

"द…"

राधाचे हात दारात तसेच पसरलेले.

"द… द…"

कमलला राहवेना, तिनं मदतीला ओठ हलवले. सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. कुणी पुढचं म्हणालं नाही. कुणी जमिनीकडे बघितलं नाही. सासूबाई तर सरळ माझ्याकडे बघत होत्या, चूल फुंकताना बाई वाट बघते तशा, ती पेटणारच या हिशेबानं.

"द… दगडूराव."

मागे यमक नव्हतं, पुढे नव्हतं, बरोबर कुणी नव्हतं. अडकलं, आणि मग माझ्या तोंडून निघालं.

आणि माझ्या पाठीमागून हे मोठ्यानं म्हणाले, "ओ!"

शाळेत हजेरी देतात तसं. सगळा व्हरांडा हसला. मी बोलल्यावर माणसं हसली आणि मला लपावंसं वाटलं नाही, असं पहिल्यांदा झालं. मीही हसले, इतकी की राधानं मला धरलं. मग तिनं हात खाली घेतले आणि मी आत गेले.